दुरुस्ती क्रमांक एकतीस

यादी परत आली तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवून बसलो होतो. एकूण चव्वेचाळीस दुरुस्त्या. प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन, आणि त्या चौकोनात मालिकेच्या निर्मातीनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, होकाराची खूण करायची होती. पहिलं पान, दुसरं पान, सगळीकडे खुणा. माझं मन खूश होत होतं. कुणी माझ्या कामावर बरोबरच्या खुणा केल्या की मला अजूनही शाळेतल्यासारखं बरं वाटतं. तिसऱ्या पानावर एकतीस क्रमांकापाशी मात्र चौकोन रिकामा होता आणि बाजूला तिच्या तिरप्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘दुरुस्ती नको. कडी बाहेरूनच राहू दे.’ मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बिस्कीट मोडून चहात पडलं. एवढंच झालं. पण जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं मला झालं. का ते कळेना. कपाटाची कडी ती, आतून काय आणि बाहेरून काय.

‘साळूचं कपाट’ ही मालिका पाहिली नाही असं मूल सध्या शोधूनही सापडणार नाही. साळू म्हणजे साळिंदराचं पिल्लू. घरात आई, बाबा आणि ती. जिन्याखाली एक कपाट. साळू कपाटात शिरते, दार बंद होतं, फटीतून उजेडाची एक पट्टी येते, साळू ओठांवर बोट ठेवते आणि कपाट निघतं. कधी नदीच्या तळाशी, कधी ढगांच्या गोदामात, कधी नुसतंच शेजाऱ्यांच्या माळ्यावर. बोलायचं नाही, बोललं की कपाट थांबतं, हा त्यातला नियम. पोरं शाळेच्या बसमध्ये ओठांवर बोट ठेवून बसतात म्हणे, आणि आईबाप निर्मातीला दुवा देतात. अठ्ठ्याहत्तर भाग झाले आणि धाकटीनं एके दिवशी जाहीर केलं, संपलं. वाहिनीवाले अक्षरशः तिच्या पाया पडायचे बाकी राहिले होते. मीही म्हटलं होतं, अगं, निदान शंभर तरी कर, आकडा कसा गोल दिसतो. ती म्हणाली, ‘होते तेवढे झाले, दादा.’

मग थीम पार्कवाल्यांनी साळूची अख्खी दुनिया उभी करायचं ठरवलं. तिचं घर, गल्ली, वाकड्या मनोऱ्याची शाळा, नदी, ढगांचं गोदाम. लोकांनी बघायचं नाही, आत राहायचं. दाराची मूठ धरली तर ती साळूच्या घराचीच वाटली पाहिजे. धाकटीनं करारात एकच अट घातली, घर माझा दादा बांधेल. ऑफिसात लोक वशिल्याचं तट्टू म्हणून चेष्टा करत; मी हसण्यावारी नेई, पण मनातून फुशारत असे. शेवटी साळू हे नाव तरी कुणाचं? लहानपणी धाकटीचे केस तेल लावूनही उभे राहत, म्हणून मीच तिला साळू म्हणायचो. ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत कुणीही न विचारता सांगत असे.

कागदावरचं घर उभं करणं ही साधी गोष्ट नव्हे. चित्रात सगळं खपतं. बाहेरून दोन खिडक्यांचं घर आत शिरलं की सहा खोल्यांचं होतं. जिना तिसऱ्या भागात डावीकडे वळतो, नवव्यात उजवीकडे. म्हणून आम्ही मालिकेतली चित्रं एकेक करून थांबवून मापं घेतो, जिथं दोन चित्रं एकमेकांशी भांडतात तिथं क्रमांक टाकतो, उपाय सुचवतो आणि निर्मातीकडे पाठवतो. हीच ती दुरुस्ती यादी. क्रमांक बारा: ‘कपाटाच्या आतल्या फळीवर उभ्या रेघा. संख्या दर भागात वेगळी, उंचीही सारखी नाही. एकच संख्या ठरवावी, उंची सरसकट सहा इंच घ्यावी.’ तिथं तिनं खूण केली होती आणि लिहिलं होतं, ‘शेवटच्या भागातल्या घे.’ आणि क्रमांक एकतीस: ‘भाग एकोणीस. कपाट बाहेरून दिसते ते एकमेव चित्र, दोन सेकंद. कडी बाहेरच्या बाजूस दाखवली आहे. साळू एकटी आत असल्याने हे अशक्य. चित्रकाराच्या नजरचुकीने. आतून घ्यावी. तसेच एक स्क्रू तिरका, सरळ करावा.’ माझंच वाक्य. अशक्य हा शब्द मी लिहिला होता, आणि त्याखाली माझी सही होती.

चहा तसाच ठेवून मी ते चित्र पडद्यावर उघडलं आणि मोठं केलं. पिवळट दार, खाली मूठ, वर कडी. आडवी, लोखंडी, साधी. आणखी मोठं केलं. चार स्क्रू. तीन सरळ, खालचा उजवीकडचा तिरका. त्याचं डोकं पत्र्याच्या बाहेर अर्धं आलेलं. हे चित्र मी निदान पन्नासदा पाहिलं असेल, मापं घेतली असतील, शेजारी लाल पेन्सिलीनं बाण काढला असेल. आता मात्र माझा उजवा तळवा दुखायला लागला. खरोखर दुखायला लागला, मधोमध, अंगठ्याच्या खाली, जिथं स्क्रू ड्रायव्हरची मूठ टोचते तिथं.

बाबा ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आमच्या जिन्याखालच्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं, येताजाता डोक्याला लागायचं. बाबा सुतार आणतो आणतो म्हणत राहिले आणि एका रविवारी अकरा वर्षांच्या मी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणून बसवली. तीन स्क्रू झकास बसले. चौथ्याला लाकडात गाठ लागली, तो तिरका गेला, निघेना आणि शिरेनाही. बाबांनी कडी चारदा लावून पाहिली, चारदा काढली आणि पाहुण्यांना म्हणाले, हात चांगला आहे हो याचा, हा पुढे काहीतरी बांधणार. मी बांधणाराच झालो. माझ्या हातचं ते पहिलं काम; मुलाखतीतसुद्धा सांगितलंय मी ते. आणि माझं पहिलं काम पडद्यावर समोर असताना मी त्याच्यावर बाण काढून लिहिलं होतं, नजरचूक.

त्या कडीचं पुढे काय झालं, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाही नाही. आई हॉस्पिटलात नर्स होती. त्या वर्षी तिला दुपारची पाळी आली, एक ते सात. बाबा ऑफिसात. माझी शाळा सकाळची, धाकटी पाच वर्षांची, तिची बालवाडी बाराला सुटायची. दुपारी तिला सांभाळायचं काम माझं. आई निघताना चपला घालता घालता म्हणायची, दार लावून घ्या, आणि दादाचं ऐकायचं. अडीच वाजता मैदानावर फुटबॉल सुरू व्हायचा. मी गोलकीपर होतो, माझ्याशिवाय अडायचं, निदान मला तसं वाटायचं. धाकटीला मैदानावर नेलं की ती गोलात येऊन बसायची आणि पोरं मला आया म्हणायची. मग एके दिवशी… हो, एके दिवशी. मी खुर्चीत ताठ बसलो. एके दिवशी मी तिला कपाटात बसवलं होतं, एवढं मला नक्की आठवलं. उशी दिली होती, पाण्याची बाटली दिली होती. सांगितलं होतं, हे कपाट आता निघणार आहे, लांब जाणार आहे, तू फक्त बोलू नकोस, बोललीस की ते थांबतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, पाच मिनिटांत आलो. आणि कडी लावली.

म्हणजे तो नियम माझा होता. ओठांवर बोट ठेवायचा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून काढलेली युक्ती. पार्काच्या आराखड्यात पान सात: ‘एका वेळी दहा पाहुणे कपाटात. सर्वांनी ओठांवर बोट ठेवताच दिवे मंद होतील व मागची भिंत उघडेल.’ मी त्याला मालिकेचं हृदय म्हटलं होतं, ठळक अक्षरात. मी हात मांड्यांखाली घालून बसलो. ऑफिसात कुणीतरी प्रिंटरला शिव्या घालत होतं, कुणाचा तरी डबा उघडला होता, आणि मी स्वतःशी हिशेब करत होतो, एकदाच ना? फार तर दोनदा. मुलं काय वाटेल ते करतात. एकदा, फार तर दोनदा.

मी आईला फोन लावला. आई आता सत्त्याहत्तरची आहे, मोठ्यानं बोलते, कारण समोरच्याला कमी ऐकू येतं अशी तिची समजूत आहे.

“आई, आपल्या जिन्याखालच्या कपाटाला मी कडी लावली होती, आठवतं?”

“हो तर. तुझ्या बाबांनी गावभर सांगितलं होतं.”

“तिचं पुढं काय झालं?”

“मी काढली.”

“तू? बाबा म्हणाले होते की ती पडली.”

“पडली असं मीच सांगितलं त्यांना. बटाटे सोलायच्या सुरीनं काढली. एक स्क्रू मेला निघेना, तो पक्कडीनं ओढला.”

“का काढलीस पण?”

फोनमधून तिच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

“आई?”

“जेवलास का तू?”

“अकरा वाजलेत गं. का काढलीस?”

“जेवून घे वेळेवर,” ती म्हणाली. मग पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाली, “मला नको विचारूस. तिला विचार. मी तेव्हाही कुणाला काही विचारलं नाही, आता कुठं विचारायला बसू.” आणि फोन ठेवला.

चार भोकं. ती मला आठवली, बाकी सगळं विसरून ती तेवढी स्वच्छ आठवली. मी मैदानावरून घामाघूम घरी आलो होतो आणि आई स्वयंपाकघरात होती. आई सातनंतर यायची आणि तेव्हा पाच वाजले होते. धाकटी आतल्या खोलीत झोपली होती, दिवसाढवळ्या, आईची साडी अंगावर घेऊन. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, हातपाय धू. जिन्याखाली कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि त्याच्यावर चार भोकं होती, तीन गोल आणि एक लांबट. दुसऱ्या दिवसापासून धाकटी दुपारची शेजारच्या शिवणवाल्या काकूंकडे जायला लागली. मला कुणी रागावलं नाही. मारलं नाही. बाबांनी पुढच्या रविवारी भोकांत पुट्टी भरली आणि म्हणाले, तुझी कडी पडली वाटतं, पुढच्या वेळी लांब स्क्रू घे. मी म्हटलं, हो. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणंही मला आठवलं, आणि त्याची इतकी लाज वाटली की मी उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

बाराला सुरक्षेच्या बाई आल्या. शिस्तीच्या बाई, टाचणी पडली तरी नोंद करणाऱ्या. एकतीस क्रमांकावर त्यांचं बोट थांबलं. “बाहेरून कडी? लहान मुलांच्या जागेत? सर, अहो, मूल आत अडकलं म्हणजे?”

“निर्मातीचा आग्रह आहे.”

“कुणाचाही असो. असली कडी कोण लावतं हो बाहेरून?” त्यांनी सहज विचारलं, फॉर्म भरता भरता. मी यादीची पानं सरळ करत राहिलो. त्यांनी लिहिलं, ‘अमान्य. उद्या सकाळपर्यंत काढावी,’ आणि गेल्या.

तीन वाजता धाकटी वर्कशॉपात येणार होती. घराचा खऱ्या मापाचा नमुना तिथं उभा होता. तिनं तो पाहून मान्य केला की उद्यापासून कायमचं बांधकाम सुरू. मी अडीचलाच जाऊन थांबलो. सुतारानं सकाळी तिची टीप वाचून कडी बाहेरूनच ठोकली होती. “चित्रातल्यासारखा स्क्रूपण तिरकाच मारलाय, साहेब,” तो अभिमानानं म्हणाला. “मुद्दाम वाकडं मारायचं म्हणजे फार अवघड.” मी छान म्हटलं. तो चहाला गेला. मी कडीला हात लावला नाही.

धाकटी एकटीच आली. चाळिशीची बाई, केस अजून उभेच, खांद्याला कापडी पिशवी. तिनं घर बाहेरून पाहिलं, आत येऊन टेबलाखाली वाकून पाहिलं, मुठी फिरवल्या. तिच्या चित्रांत टेबलाची खालची बाजू नेहमी, जमिनीवर बसलेल्या मुलाला दिसते तशी, बारकाव्यानं काढलेली असते. मला ती तिची शैली वाटायची. मग ती जिन्याखाली येऊन थांबली. कडीकडे बघत राहिली. तिरक्या स्क्रूवर तिनं बोट फिरवलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “आत बसून पाहिलंस?”

“मापं घेतली आहेत सगळी.”

“मापं नव्हे रे. बसलास का?”

“नाही.”

“बस ना.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. मी सत्तेचाळीस वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा माणूस, वाकलो आणि आत शिरलो. गुडघे हनुवटीला लागले. ताज्या रंगाचा वास येत होता. ती म्हणाली, “पाच मिनिटांत आले हं,” आणि दार लागलं. कडी सरकली. तो आवाज मी ओळखला. लोखंड लोखंडात शिरतं तो, आधी घासल्याचा आणि मग टक. तो मी नेहमी बाहेरून ऐकला होता. आतून तो फार मोठा असतो. मग तिची पावलं, लाकडी जमिनीवर, लांब लांब, आणि मग नाहीच.

मी हाक मारणार होतो. तोंडाशी आली होती. आणि माझ्या लक्षात आलं की माझं बोट माझ्या ओठांवर आहे. मी ठेवलं नव्हतं, ते गेलं होतं. फटीतून उजेडाची पट्टी येत होती, माझ्या गुडघ्यावरून मागच्या फळीवर चढत होती. तिथं रेघा होत्या. रंगाऱ्यानं त्या खऱ्या वाटाव्यात म्हणून खिळ्यानं कोरून मग रंगवल्या होत्या, सहा सहा इंचांच्या, एकीला एक लागून, गजांसारख्या सरळ. भीती वाटत होती, अगदी मूर्खासारखी भीती, पत्र्याच्या छपराखालच्या वर्कशॉपात दुपारी सव्वातीन वाजता. ती कमी व्हावी म्हणून मी काहीतरी करायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट येते, म्हणून मी बोटानं रेघा मोजायला लागलो. दहा. वीस. आई कधी येणार. तीस. मी तिला उशी रोज दिली होती का? चाळीस. ती उशी कपाटातच असायची, कोपऱ्यात, दबलेली. नुसत्या एका दुपारी उशी दबत नाही. साठ. पाऊणशे. बोट शेवटच्या रेघेवर थांबलं. अठ्ठ्याहत्तर.

मी पुन्हा मोजल्या. अठ्ठ्याहत्तर. रेघांची संख्या दर भागात वेगळी, असं मीच लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, सहीनिशी. वेगळी नव्हती. प्रत्येक भागात एकीनं वाढत होती. पहिल्या भागात एक रेघ होती, एकोणिसाव्यात एकोणीस असणार, आणि शेवटच्या भागात जितके भाग तितक्या. शंभर कर, आकडा गोल दिसतो, असं मी तिला म्हणालो होतो. एकदा, फार तर दोनदा, असं मी सकाळी स्वतःला म्हणालो होतो. मी कपाळ फळीला टेकवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मी आवाज केला नाही. आवाज करायचा नसतो, हे माझं शरीर माझ्याआधी शिकलं होतं.

कडी निघाली तेव्हा मला वाटलं तास झाला. उजेडानं डोळे मिटले. धाकटी दारात उकिडवी बसली होती, हातावरचं घड्याळ माझ्यासमोर धरून. “पाचच मिनिटं झाली,” ती म्हणाली. “मी पाच म्हटलं की पाचातच येते.”

मी बाहेर आलो नाही. पाय मुंग्यांनी भरले होते.

“काय केलंस आत?”

“मोजल्या.”

“किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

ती मान हलवत राहिली. “आपण ते घर सोडताना मी मोजल्या होत्या. नऊ वर्षांची होते. त्याआधी एवढं मोजता येत नव्हतं.”

“मला एकदाच आठवत होतं गं,” मी म्हणालो. “देवाशपथ. एकदाच.”

“माहीत आहे. म्हणून तर घर तुला दिलं. सांगितलं असतं तर म्हणाला असतास, काहीतरीच काय, साळू. मोजायला दिलं की तू मोजतोस.”

मला माफ कर असं म्हणायचं होतं. ते शब्द तिच्यासमोर इतके लहान वाटले की मी ते नुसतेच पुटपुटलो, आणि तिनं ते ऐकले, पण उचलले नाहीत. तिनं माझ्या खांद्यावरून हात आत घातला, मागच्या फळीवर, बरोबर शेवटच्या रेघेवर, न बघता.

“कडी उद्या काढून टाक,” ती म्हणाली. “मला पोरांना कोंडायचं नाही. तुला एकदा दिसावी एवढंच होतं. पण ही चुकलीय तुझी.”

“कोणती?”

“शेवटची. ही अर्धीच होती. त्या दिवशी आई लवकर आली. रेघ मारत होते आणि दार उघडलं.”

उंची सरसकट सहा इंच घ्यावी. मी तिची शेवटची रेघ पूर्ण करून ठेवली होती. मी कपाटातून बाहेर आलो, सुताराच्या टेबलावरचा पुट्टीचा डबा आणि पातळ पट्टी घेतली आणि पुन्हा वाकलो. आत अंधार होता. दार आपोआप मिटायला लागलं, नमुन्यात पहिल्यापासूनच तसं होतं, उतार चुकला होता. “थांब,” धाकटी म्हणाली आणि तिनं दार दोन्ही हातांनी धरलं. मी तीन इंच मोजले, पेन्सिलीनं खूण केली आणि खालचा अर्धा भाग भरायला लागलो. वेळ लागला. तोवर ती दार धरून उभी राहिली.